दाराखालचे चिलखत आणि किनाऱ्यावरचा गंज
विशेष प्रतिनिधी, अलिबाग

भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो बोटसेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि वडखळच्या वाहतूक कोंडीला वळसा घालून मुंबईकरांची चारचाकी वाहने थेट अलिबाग तालुक्यात उतरू लागली. शनिवारी सकाळी मांडवा जेट्टीवर उभे राहिले, तर या वाहनांत थार, जिम्नी, गुरखा अशा चारही चाकांना ताकद पुरविणाऱ्या गाड्या सहज नजरेस पडतात. त्यांपैकी बहुतेक गाड्या डांबरी रस्त्यानेच काशीद-मुरूडपर्यंत जाऊन परत येतात. काही मात्र मुख्य रस्ता सोडून जांभ्या दगडाच्या पायवाटा, ओढ्यांची पात्रे आणि डोंगरउतारावरच्या कच्च्या वाटा धरतात. अशा एखाद्या सफरीवरून परतल्यावर गाडी धुताना दाराखालच्या पट्टीत खोल पोचा दिसतो आणि मालकाची पावले सुट्या भागांच्या दुकानाकडे वळतात. तेथे त्याला जी वस्तू सुचविली जाते, तिचे नाव ‘रॉकर गार्ड’.

ही वस्तू काय असते, ती गाडीच्या बॉडीवर कशी बसवितात आणि रायगडच्या खाऱ्या हवेत ती बसविताना कोणती काळजी घ्यावी लागते, याची माहिती असल्याशिवाय तिच्यावर पैसे खर्च करणे शहाणपणाचे नाही. कारण दगडापासून पत्रा वाचविण्यासाठी बसविलेले हे चिलखत निष्काळजीपणे बसविले गेल्यास तोच पत्रा आतून कुजविते, आणि हे नुकसान पोच्याप्रमाणे लगेच दिसतही नाही.

दाराखाली नेमके काय असते?

गाडीचे दार उघडले की ज्या उंबरठ्यावरून पाय आत टाकावा लागतो, त्या उंबरठ्याच्या बाहेरच्या व खालच्या भागास रॉकर पॅनेल किंवा सिल असे म्हणतात. बाहेरून ती एक साधी पट्टी वाटते. प्रत्यक्षात ती पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत गेलेली पोकळ पेटी असते. पत्र्याचे दोन किंवा अधिक थर घडवून, त्यांच्या कडा एकमेकींवर ठेवून स्पॉट वेल्डिंगने जोडतात. गाडीखाली वाकून पाहिल्यास खाली लोंबणारी एक अरुंद कडा दिसते; तीच ही जोडकडा होय. पेटीच्या तळाशी लहान लहान भोके ठेवलेली असतात. दारातून, खिडकीच्या काचेवरून झिरपणारे पाणी या भोकांतून बाहेर पडावे, अशी ती योजना असते.

ज्या गाड्यांना स्वतंत्र चासी नसते, त्या मोनोकॉक गाड्यांमध्ये ही पेटी म्हणजे गाडीचा कणाच असतो. थार, जिम्नी, गुरखा या गाड्यांना मात्र शिडीसारखी स्वतंत्र चासी आहे आणि तिच्यावर रबरी बुशांच्या आधाराने बॉडी बसविलेली असते. अशा गाड्यांत सिलवर संपूर्ण गाडीचा भार नसला, तरी दाराची चौकट सरळ ठेवणे आणि बाजूने धडक बसल्यास आतील प्रवाशांचे रक्षण करणे ही कामे तिच्याकडे असतातच. सिल वर चेपली गेली, की दार नीट लागेनासे होते, रबरी पट्टी सांधा सोडते आणि पावसाळ्यात पाणी आत येऊ लागते.

मार येथेच का बसतो?

उंचवट्यावरून जाताना पुढची चाके पार होतात, मागची चाके अद्याप खाली असतात आणि गाडीचा मधला भाग उंचवट्याच्या माथ्यावर येतो. हा मधला भाग न टेकता गाडी किती तीव्र उंचवटा ओलांडू शकेल, हे एका कोनाने मोजतात. त्यास ब्रेकओव्हर किंवा रॅम्प अँगल म्हणतात. २०२० साली आलेल्या तीन दारांच्या थारचा हा कोन २७ अंश, तर २०२३ साली भारतात आलेल्या पाच दारांच्या जिम्नीचा २४ अंश आहे. जमिनीपासूनची उंची अनुक्रमे २२६ व २१० मिलिमीटर आहे. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर वाढले की हा कोन कमी होतो. परदेशांत विकल्या जाणाऱ्या तीन दारांच्या जिम्नीत हे अंतर २,२५० मिलिमीटर आहे, तर भारतातील पाच दारांच्या जिम्नीत ते २,५९० मिलिमीटर आहे. मागच्या आसनासाठी स्वतंत्र दार मिळाले, त्याची किंमत या कोनाच्या रूपाने मोजावी लागली.

रायगडच्या किनारपट्टीवर यात आणखी एका गोष्टीची भर पडते. मुरूड, श्रीवर्धनकडच्या सड्यांवर जांभा उघडा पडलेला असतो. पावसाने मऊ भाग वाहून गेला की कठीण भाग गुडघाभर उंचीच्या खडबडीत पायऱ्यांसारखा उरतो. अशा वाटेवर गाडी एका बाजूला कलंडते आणि तळाऐवजी नेमकी दाराखालची पट्टी दगडावर घासली जाते. ओढ्यांच्या पात्रातील काळ्या कातळाचे गोटे चाकाखालून उसळून याच भागावर आदळतात.

चासीवरचे की बॉडीवरचे?

सिलच्या रक्षणासाठी बाजारात मुख्यतः दोन प्रकारची साधने मिळतात. पहिला प्रकार चासीवर बसणाऱ्या जाड नळीचा. तिला रॉक स्लायडर म्हणतात. तिचे हात थेट चासीला बोल्टने किंवा वेल्डिंगने जोडलेले असतात. दगडाचा मार चासीवर जातो आणि बॉडी सुटते. ही नळी मजबूत असेल व उत्पादकाने तशी परवानगी दिली असेल, तर तिच्यावर गाडी उचलताही येते. मात्र खडबडीत वाटेवर चासी व बॉडी स्वतंत्रपणे हलत असल्याने नळी आणि सिल यांच्यात मोकळी जागा ठेवावी लागते. त्यामुळे नळी सिलच्या खाली उतरते आणि जमिनीपासूनची उंची तेवढी घटते.

दुसरा प्रकार बॉडीवर बसणाऱ्या रॉकर गार्डचा. हा पोलादाचा किंवा ॲल्युमिनियमचा वाकविलेला पत्रा असतो. तो सिलला बाहेरून व खालून कवेत घेतो आणि जोडकडेला व सिलच्या भिंतीला बोल्टने जखडला जातो. तो बॉडीला चिकटून बसत असल्याने गाडीची उंची जवळजवळ तेवढीच राहते, दिसायलाही तो नीटस असतो. परंतु दगडाचा मार चासीकडे न जाता बॉडीच्याच पत्र्यात पसरतो. मार मोठ्या क्षेत्रावर वाटला जावा आणि दगड अडकून न राहता पुढे घसरावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा धरावी.

यावरून एक गोष्ट ओघानेच येते. बॉडीवरच्या गार्डाखाली जॅक लावू नये. उंच उचलणारा फार्म जॅक तर मुळीच लावू नये. तसे केल्यास बॉडी वर ओढली जाते आणि चासी, इंजिन, चाके यांचे ओझे रबरी बुशांना आणि त्यांच्या बोल्टांना लोंबकळते. जॅकसाठी कंपनीने पुस्तिकेत दाखविलेली जागाच वापरावी.

वजनाचाही हिशेब करावा. दीड मीटर लांब, उलगडल्यावर २५ सेंटिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर जाड असा पोलादी पत्रा सुमारे पावणेबारा किलोचा होतो. दोन्ही बाजूंचे मिळून साडेतेवीस किलो. त्याच मापाचे ॲल्युमिनियमचे गार्ड एका बाजूस चार किलोंच्या आसपास भरते. ॲल्युमिनियम हलके खरे, पण खारट ओलाव्यात पोलादाशी त्याचा संपर्क आला की ते स्वतःच झिजू लागते.

धोका छिद्राचा

कारखान्यात गाडीची बॉडी रंगविण्यापूर्वी ती संपूर्णपणे प्रायमरच्या हौदात बुडवितात आणि विजेच्या साह्याने तो थर पत्र्यावर चढवितात. त्यामुळे पोकळ पेट्यांच्या आतल्या बाजूसही संरक्षण मिळते. रॉकर गार्ड बसविण्यासाठी सिलला ड्रिल लावले, की त्या प्रत्येक ठिकाणी हा थर फाटतो आणि उघड्या लोखंडाची गोल कडा हवेत येते. एका बाजूस आठ-दहा बोल्ट धरले, तर गाडीला सोळा ते वीस नव्या जखमा होतात. त्यांतील बऱ्याचशा अशा जागी असतात, की गार्ड बसल्यावर त्या पुन्हा कधी दिसत नाहीत.

पुण्या-नाशकात ही चूक काही वर्षे खपून जाईल. किनाऱ्यावर ती खपत नाही. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उरलेले महिने समुद्रावरून मिठाचे सूक्ष्म कण घेऊन वारा येत राहतो. मीठ हवेतील ओलावा धरून ठेवते. त्यामुळे कोरड्या दिवशीही पत्र्यावर पाण्याचा पातळ थर टिकतो. मिठाच्या या पाण्यातून वीज सहज वाहते आणि लोखंडाच्या गंजण्याचा वेग वाढतो. तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, भोवतालचा रंग उचलतो आणि त्या रंगाखाली पुढे सरकतो. किनाऱ्यालगतच्या घरांत खिडकीचे गज रंगाखालून फुगलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

दोन पत्र्यांमधील अरुंद फट ही त्याहूनही वाईट जागा. गार्ड आणि सिल यांच्यामध्ये वाळू, चिखल व खारे पाणी शिरते, पण वाळण्यास हवा मिळत नाही. काही ठिकाणी आवाज होऊ नये म्हणून मध्ये साधा स्पंज लावला जातो. तो पाणी शोषून पत्र्याला सतत ओला ठेवतो. गार्डाची खालची बाजू सिलच्या तळाच्या भोकांवर आली, तर पेटीतले पाणी आतच साठते. असे झाल्यास बाहेरून चकचकीत दिसणारी गाडी आतून पोकळ होत असते.

बसविण्याची योग्य रीत

काम सुरू करण्यापूर्वी गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी. सिलवरचे प्लास्टिकचे आवरण व पायरी काढून पत्र्याची तपासणी करावी. आधीच गंज असेल, तर प्रथम तो दुरुस्त करावा. गंजलेल्या सिलवर बसविलेले गार्ड पहिल्याच मोठ्या धक्क्यात बोल्टसह उपटून येऊ शकते. तळाची सर्व भोके शोधून त्यांवर खडूने खूण करावी.

त्यानंतर गार्ड नुसते धरून पाहावे. दोन माणसे व आधारासाठी एक जॅक एवढे साहित्य पुरते. दार पूर्ण उघडते का, चाक पूर्ण वळविल्यावर कोठे घासते का, तळाची भोके मोकळी राहतात का, हे या वेळीच पाहावे. भोके झाकली जात असतील, तर गार्डालाच त्या जागी खाच पाडून घ्यावी. गार्डाची बाहेरची कड बॉडीच्या रुंदीबाहेर येता कामा नये. चौल-रेवदंड्यासारख्या गावांतील अरुंद रस्त्यांवर पादचारी आणि दुचाकीस्वार गाडीला खेटूनच जातात. पत्र्याची धारदार कड त्यांच्या पायांच्या उंचीवरच असते.

ड्रिल लावण्याआधी बॅटरीची ऋण तार सोडावी. दारालगतची आतील प्लास्टिकपट्टी आणि गालिचा उचलून पाहावा. सिलच्या आतल्या बाजूने विजेच्या तारांचा जुडगा जातो, काही गाड्यांत दोन दारांमधील खांबाच्या पायाशी एअरबॅगचा सेन्सर असतो, तर चासीच्या आतील अंगाने इंधनाच्या व ब्रेकच्या नळ्या गेलेल्या असतात. ड्रिलचे पाते गरजेपेक्षा अधिक आत जाऊ नये म्हणून त्यावर अडथळ्याची कडी बसवावी. शक्य तेथे नवीन छिद्र टाळून जोडकडेला चिमट्याप्रमाणे धरणारी किंवा कंपनीनेच ठेवलेल्या छिद्रांत बसणारी रचना निवडावी. जितकी छिद्रे कमी, तितके पुढचे काम सोपे.

छिद्र आधी बारीक पात्याने पाडून मग मोठे करावे. त्याची कड कानशीने गुळगुळीत करावी. ड्रिलिंगमधून निघालेला लोखंडाचा कीस चुंबकाने व हवेच्या दाबाने काढून टाकावा, कारण सिलमध्ये पडून राहिलेला कीसच सर्वांत आधी गंजतो. यानंतर प्रत्येक छिद्राच्या कडेस इपॉक्सी किंवा जस्तयुक्त प्रायमर व त्यावर रंग लावावा आणि तो वाळू द्यावा. हे काम घाईने उरकण्याकडे कल असतो. मालकाने जवळ उभे राहून पाहावे असा टप्पा कोणता, असे विचारल्यास तो हाच.

सिल पोकळ असल्याने आतून नट धरता येत नाही. म्हणून छिद्रात रिव्हेटसारखा फुगून बसणारा आट्यांचा नट वापरतात. तो बसविताना त्याच्या कडेखाली सीलंट भरावा. जेथे आतून हात पोहोचतो, तेथे लहान वॉशरऐवजी पोलादी पट्टी लावावी म्हणजे भार एका बिंदूवर येत नाही. बोल्ट जस्ताचा जाड मुलामा दिलेले किंवा स्टेनलेस पोलादाचे असावेत. स्टेनलेस वापरल्यास त्याखाली नायलॉनचे वॉशर घालावे. एरवी खाऱ्या ओलाव्यात या दोन धातूंमध्ये लहानशी विद्युतघट तयार होते आणि तिच्यात झिजतो तो गाडीचा पत्रा. ॲल्युमिनियमच्या गार्डाबाबत धातू धातूला लागणार नाही, ही खबरदारी अधिकच घ्यावी.

गार्ड आणि सिल यांच्यामध्ये पाणी न शोषणाऱ्या रबराचे लहान तुकडे बोल्टांपाशी ठेवावेत आणि बाकीची फट वाहती राहू द्यावी. पाण्याच्या फवाऱ्याने जी फट धुता येते, ती वाळतेही. बोल्ट मध्यापासून दोन्ही टोकांकडे थोडे थोडे आवळत न्यावेत. शेवटी सिलच्या पेटीत पोकळीसाठी मिळणारे विशेष मेण फवाऱ्याने भरावे. ते सांध्यांत झिरपते आणि आतील पत्र्यावर थर धरते. मेण घट्ट झाल्यावर तळाची भोके सळईने पुन्हा मोकळी करावीत.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांहून वेगळे होतील, असा बदल वाहनात करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात निकाल देताना या कलमाचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने वाहनांच्या पुढे लावलेल्या अनधिकृत क्रॅश गार्डांवर कारवाई करण्याचे पत्र राज्यांना पाठविले होते.

ते पत्र पुढच्या लोखंडी दांड्यांविषयी होते. तथापि, तेवढ्यावरून दाराखालचे गार्ड बिनधोक ठरते, असे मानू नये. उत्पादकाने स्वतः मान्यता दिलेले साधन घेणे, त्याची पावती जपणे, पेण येथील उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात किंवा आपल्या नोंदणीच्या कार्यालयात आधी विचारणा करणे आणि विमा कंपनीस लेखी कळविणे, हा सुरक्षित मार्ग होय. बाजूने अपघात झाल्यास सिलला पाडलेली छिद्रे हा दाव्यातील वादाचा मुद्दा होऊ शकतो. वॉरंटीच्या काळात गंजाची तक्रार घेऊन गेल्यासही हाच प्रश्न पुढे येईल.

गार्ड लागले, म्हणजे वाट मोकळी नव्हे

गार्ड बसल्यानंतर गाडी कोठेही घालण्याचा मोह होतो. काशीद-मुरूडलगतचे फणसाड १९८६ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले आहे. तेथे परवानगीशिवाय वाहन नेता येत नाही. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे वाळूत अंडी घालतात. चाकांखाली दबलेल्या वाळूतून पिलांना वर येणे कठीण होते. शिवाय ओल्या वाळूत रुतलेल्या गाडीभोवती भरतीचे पाणी चढू लागले, तर जगातले कोणतेही चिलखत उपयोगी पडत नाही. त्या वेळी गाडीच्या मदतीला धावतात ते गावातले ट्रॅक्टर आणि कोळीवाड्यातली माणसे. या साधनाची खरी जागा आहे ती परवानगी असलेल्या खासगी मैदानांवर, शेताच्या वाटांवर आणि खचलेल्या गावरस्त्यांवर.

पहिल्या काही शे किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत. किनाऱ्याची प्रत्येक सफर संपल्यावर, शक्यतो मुंबईकडे निघण्यापूर्वीच, गार्डाच्या मागील फट गोड्या पाण्याने धुवावी. वर्षातून एकदा, मे महिन्याच्या अखेरीस, दोन्ही बाजूंचे निदान चार-चार बोल्ट काढून छिद्रांच्या कडा पाहाव्यात. तांबूस डाग दिसला तर गार्ड पूर्ण उतरवून खरवडणे, प्रायमर व रंग देणे आणि पुन्हा मेण भरणे हे काम एका दिवसात होते. तोच डाग दोन पावसाळे झाकलेला राहिला, तर सिल कापून नवीन पत्रा वेल्ड करावा लागतो.

लाकडी होडीला खिळा ठोकण्याआधी त्या भोकातून पाणी कसे अडवायचे, याचा विचार कोकणातला सुतार प्रथम करतो. गाडी घेऊन गॅरेजमध्ये जाणाऱ्याने गार्ड किती मिलिमीटर जाड आहे, हे विचारण्याबरोबरच पाडलेल्या छिद्रांना कोणता प्रायमर लावणार आणि तो वाळायला किती वेळ देणार, हेही विचारावे. त्याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर गाडी तशीच परत न्यावी. सिलवरचा पोचा ठोकून सरळ करता येतो. आतून कुजलेल्या पत्र्यावर मात्र ठोकायलाही काही उरत नाही.